जुना कॅमेरा बदलायचा की नाही? दुकानात जायच्या आधी हा हिशेब मांडा



मागच्या व्हिडिओत आपण धंद्यातल्या जुन्या यंत्रांबद्दल बोललो. शिलाई मशीन, गिरणी, बेकरीचा ओव्हन. त्यानंतर सगळ्यात जास्त प्रश्न आले ते फोटोग्राफर मंडळींचे, आणि प्रश्न एकच: "सर, बॉडी जुनी झालीय, बदलू का?" व्हिडिओत तेवढा वेळ नव्हता, म्हणून हा लेख.

आधीच सांगतो, मी फोटोग्राफर नाही. मी हिशेब शिकवतो. पण कॅमेऱ्याच्या बाबतीत एकदा स्वतःच हात पोळून घेतलेत. चॅनेल सुरू केलं तेव्हा लोक सांगत होते, "सर, नीट ऐकू येत नाही." आणि मी काय केलं? नवीन कॅमेरा आणला! चित्र छान दिसायला लागलं, आवाज होता तसाच. सहा महिन्यांनी कॉलरला लावायचा साधा माइक घेतला तेव्हा तक्रारी थांबल्या. तर हे शहाणपण पैसे मोजून आलेलं आहे.

आता खऱ्या प्रकरणाकडे येऊ. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचा एक फोटोग्राफर आमच्या कार्यशाळेत आला होता. वय तिशीचं, वर्षाला साधारण २५ लग्नं, शिवाय बारसं, डोहाळेजेवण, शाळेचं स्नेहसंमेलन असं किरकोळ काम. कॅमेरा कॅननचा ६डी. हे मॉडेल २०१२ सालचं. दिवस ऑगस्टचे, म्हणजे काम नाही आणि विचार फार. दुकानदाराने त्याला नव्या मिररलेस बॉडीचं कोटेशन दिलं होतं, अॅडॉप्टर, कार्डं, जादा बॅटरी सगळं धरून १,६०,००० रुपये. हप्त्यावर. बायकोचं म्हणणं, त्यापेक्षा घराच्या स्लॅबचं राहिलेलं काम आधी उरकू. तो कोटेशनचा कागद खिशात घेऊनच आला होता.

मी विचारलं, "कॅमेरा का बदलायचा?"

"सर, जुना झालाय. पार्टी कॅमेरा बघूनच ऑर्डर देते हल्ली."

हे उत्तर मला पटलं नाही. 'जुना झालाय' हे काही कारण नव्हे. गावाकडच्या गिरणीचं जातं माझ्याहून जुनं आहे आणि दळण उत्तम निघतं. कॅमेरा तुमच्या कामात नेमका कुठे कमी पडतो आणि त्यामुळे किती पैसे जातात, हे सांगता आलं तर ते कारण. म्हणून मी त्याला तीन कागद लिहायला लावले. तुम्हीही लिहा. वेळ लागतो, पण हप्त्यापेक्षा स्वस्त पडतं.

पहिला कागद: ऑर्डर कुठे गेल्या?

गेल्या सीझनला ज्यांनी ज्यांनी चौकशी केली आणि काम दिलं नाही, त्यांची यादी. मोबाइलमध्ये सगळं असतं, फक्त मागे जाऊन बघायचं. त्याच्या यादीत ११ नावं निघाली. पाच जणांना त्याने कोटेशन तरी उशिरा पाठवलं होतं, नाहीतर पाठवलंच नव्हतं. तीन जण दरावर अडले. दोघांना सिनेमॅटिक व्हिडिओ आणि ड्रोन हवं होतं, ते याच्याकडे नाही. कॅमेरा कोणता आहे हे विचारणारा निघाला एक. ११ पैकी एक!

तो जरा वेळ गप्पच बसला. पाच ऑर्डर मोबाइलवर उत्तर न दिल्यामुळे गेल्या, आणि त्याचा इलाज तो दीड लाखाच्या कॅमेऱ्यात शोधत होता.

दुसरा कागद: फोटो बाद का झाले?

शेवटच्या तीन लग्नांचे बाद केलेले फोटो उघडायचे आणि प्रत्येकासमोर कारण लिहायचं. डोळे मिटले, फ्लॅश चार्ज झाला नव्हता, मध्ये मामा आले, फोकस चुकला, अंधारात फोटो दाणेदार आला. सगळ्यांचं करायला जमणार नाही, शंभरेक घ्या. यातली काही कारणं कॅमेऱ्याची, बाकीची फोटोग्राफरची, आणि मामांची तर कायमचीच.

त्याच्या शंभरात फोकस चुकलेले वीस-बावीस होते, आणि ते जवळजवळ सगळे हळदीचे आणि वरातीचे. याला कारण आहे. ६डी मध्ये फोकसचे बिंदू ११, त्यातला क्रॉस प्रकारचा फक्त मधला. हा मधला बिंदू अंधुक उजेडातही चांगला पकडतो. पण माणूस नाचत असेल आणि चेहरा फ्रेमच्या कडेला असेल, तर मधल्या बिंदूवर फोकस धरून कॅमेरा वळवेपर्यंत माणूस हललेला असतो. नव्या मिररलेस बॉडी डोळा ओळखून त्याच्या मागे मागे जातात, फ्रेममध्ये तो कुठेही असला तरी. इथे नवीन कॅमेरा खरोखर पुढे आहे, हे मान्य करायला हवं. प्रश्न फक्त असा की ते वीस फोटो गेल्याने कुणी पैसे कापले का? त्याचं उत्तर, "नाही. वरातीचे तीनशे फोटो असतात, वीस गेले तर कळतही नाही."

आणि मेगापिक्सेलचं काय? दुकानात हेच पहिल्यांदा सांगतात. अल्बमचं गणित बघा. आपल्याकडे १२ बाय ३६ इंचाचं पान चालतं, म्हणजे उघडल्यावर १२ बाय १८ ची दोन पानं. एका इंचात ३०० ठिपके असा छपाईचा चांगला दर्जा धरला, तर १२ बाय १८ च्या पानाला ३६०० गुणिले ५४०० ठिपके लागतात. ६डी चा फोटो येतो ३६४८ गुणिले ५४७२. म्हणजे एक फोटो अख्खं पान भरून, चांगल्या दर्जात, वर थोडी जागा शिल्लक. आणखी गंमत सांगतो. कॅननने २०२० साली आर६ नावाची पूर्ण फ्रेमची मिररलेस बॉडी काढली, तिचा फोटोही बरोबर तेवढाच, ३६४८ गुणिले ५४७२. आठ वर्षांनी आलेला कॅमेरा, ठिपके तेवढेच. तेव्हा अल्बम हेच तुमचं मुख्य काम असेल, तर मेगापिक्सेलसाठी बॉडी बदलायची गरज मला दिसत नाही. एकच फोटो दोन्ही पानांवर पसरवायचा किंवा फ्रेमसाठी मोठा काप घ्यायचा, तेव्हा थोडं कमी पडेल.

तिसरा कागद: काय बिघडलं तर धंदा बसेल?

हा कागद लोक टाळतात. त्यानेही दोन ओळी लिहिल्या: शटर जाईल, बॅटरी जाईल.

शटर हे हलणारं यंत्र आहे, ते झिजतं. ६डी साठी कंपनीचा अंदाज १,००,००० क्लिकचा आहे. याचे किती झाले ते त्याला माहीतच नव्हतं. निकॉनच्या बऱ्याच बॉडींमध्ये हा आकडा फोटोच्या माहितीतच नोंदलेला असतो. कॅननमध्ये तो बहुतेक वेळा तिथे सापडत नाही, केबल जोडून सॉफ्टवेअरने बघावा लागतो किंवा सर्व्हिस सेंटरला विचारावा लागतो. याचा निघाला दीड लाखाच्या वर. लाख झाले म्हणजे दुसऱ्या दिवशी शटर तुटेल असं नाही, काही दोन लाखांच्या पुढेही चालतात आणि काही आधीच जातात. पण एकच बॉडी असलेल्या माणसाने हा आकडा माहीत नसताना लग्नाला जाणं म्हणजे टायर न बघता घाटात गाडी घालणं.

मग मी सहज विचारलं, "आजवर कामात सगळ्यात वाईट दिवस कोणता?"

तो हसला. म्हणाला, ते जाऊ द्या सर, ते कार्डाचं होतं, कॅमेऱ्याचं नाही. आणि मग सांगितलं. दोन वर्षांपूर्वीचं लग्न. मंगलाष्टकं संपली, अक्षता पडल्या, हार घातले, आणि कार्डाने एरर दिली. त्याने कार्ड बदलून पुढचं काम केलं, घरी येऊन ते पहिलं कार्ड सॉफ्टवेअरला लावलं, शहरात जाऊन माणसाकडूनही बघून घेतलं. पस्तीस-चाळीस मिनिटांचे फोटो आलेच नाहीत. मुलीच्या आईने फोनवर एवढंच विचारलं होतं, "अहो, तिच्या बाबांनी हात धरून आणलं तेवढा तरी एक फोटो असेल ना?" वडील आजारी होते. वर्षभरात गेले. पाहुण्यांच्या मोबाइलमधले फोटो जमवून याने अल्बम केला, उरलेले पैसे घेतले नाहीत, बयाणाही परत दिला. त्या घराच्या गल्लीतून तो अजून जात नाही.

हे सांगताना तो हसत नव्हता.

आता बघा. ज्याला तो 'कार्डाचं' म्हणत होता, ते त्याच्या सगळ्या कारणांमधलं एकमेव खरं कारण होतं. ६डी मध्ये एसडी कार्डाची खाच एकच आहे. दोन खाचा असलेली बॉडी एकाच वेळी दोन्ही कार्डांवर फोटो लिहू शकते, एक गेलं तरी दुसऱ्यावर सगळं असतं. कोणतंही कार्ड कधीही जाऊ शकतं, महागातलंसुद्धा. वाढदिवसाचा केक पुन्हा कापता येतो. अक्षता पुन्हा टाकता येत नाहीत.

म्हणजे बदलायचा. पण 'जुना झाला' म्हणून नाही, लग्नाच्या कामाला दोन खाचा पाहिजेत म्हणून. कारण बदललं की खरेदीही बदलते, ती कशी ते पुढे बघा.

नवीन म्हणजे योग्य असं नाही

६डी ची पुढची आवृत्ती २०१७ साली आली, ६डी मार्क टू. मेगापिक्सेल वाढले, व्हिडिओत फोकस सुधारला, पण कार्डाची खाच एकच राहिली. २०१८ चा पहिला ईओएस आर, खाच एक. २०२३ चा आर८, हलका, किमतीला बरा, फोकस झकास, दुकानदार प्रेमाने दाखवतात. खाच एक! वर त्याची बॅटरी वेगळ्या जातीची, म्हणजे ६डी च्या चार बॅटऱ्या कपाटात पडून राहणार. दुकानदाराच्या कोटेशनवर हाच आर८, लेन्स आणि बाकीचं सामान जोडून. माझा हा दोस्त दीड लाखावर घालून त्याच भोकात पुन्हा पाय घालायला निघाला होता.

आर६ मध्ये एसडीच्या दोन खाचा आहेत, त्याच्या २०२२ च्या मार्क टू मध्येही आहेत. ६डी च्या जुन्या बॅटऱ्या आर६ ला चालतात. लेन्सचं असं आहे की कॅननची जुनी ईएफ जोडणी १९८७ पासूनची आणि मिररलेसची आरएफ जोडणी २०१८ पासूनची. मध्ये कंपनीचा अॅडॉप्टर लावला की ईएफ लेन्स ऑटोफोकससकट चालतात. म्हणून लेन्स विकायची घाई करू नका. निकॉनवाल्यांनी एक गोष्ट बघा: एफटीझेड अॅडॉप्टरवर मोटर असलेल्या एएफ-एस लेन्स ऑटोफोकस करतात, पण जुन्या एएफ-डी लेन्स करत नाहीत, हाताने फोकस करावा लागतो. लेन्सच बदलाव्या लागणार असतील तर खर्च बॉडीच्या दुप्पट होऊ शकतो, तो आधी धरा.

आता पैशाचं बोलू

दुकानदाराचा हिशेब महिन्याच्या हप्त्याचा असतो, तुमचा दर लग्नाचा पाहिजे. १,६०,००० रुपये, २४ महिने, १४ टक्के व्याज. हप्ता येतो साधारण ७,७०० आणि एकूण भरता सुमारे १,८४,०००. चार वर्षांनी बॉडी ५०,००० ला गेली असं धरू. खर्च झाला १,३४,०००, म्हणजे वर्षाला ३३,५००. २५ लग्नांनी भागा: दर लग्नामागे १,३४०.

आकडा छोटा वाटतो ना? त्यालाही वाटला. त्याचं एक लग्न २५,००० चं. त्यातून अल्बम, सोबतचा मुलगा, एडिटिंग, गाडी गेली की हातात ८,५०० उरतात. त्यातले १,३४० परवडतात. खरी अडचण वेगळीच आहे. लग्नं बारा महिने सारखी नसतात. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत चातुर्मास. काढीव मुहूर्तावर होतात तेवढीच. या चार महिन्यांत हप्त्याचे ३०,८०० रुपये कुठून येणार? शिवाय २०२६ साली अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून असा येतो, म्हणजे ऐन सीझनचा महिना जातो. बहुतेक घरांत अधिकात लग्न धरत नाहीत. बँकेच्या कॅलेंडरमध्ये मात्र अधिक महिना नसतो.

"पण सर, टॅक्स वाचतो ना?" हेही दुकानातलंच वाक्य. यंत्रसामग्रीवर घसारा साधारण १५ टक्के मिळतो, आणि वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं तर त्याच्या निम्मा. १,६०,००० वर १५ टक्के म्हणजे २४,०००. तेवढी रक्कम उत्पन्नातून वजा होते, करातून नाही. ५ टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर वाचले १,२००. करच बसत नसेल तर वाचणार काय? अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत विवरण भरत असाल तर घसारा वेगळा मिळतही नाही. कॅमेऱ्यावरचा १८ टक्के जीएसटी परत मिळतो तो नोंदणी असणाऱ्यालाच, आणि कंपोझिशनमध्ये असाल तर त्यालाही नाही. तुमच्या सीएला एक फोन करा, पण टॅक्ससाठी कॅमेरा घेऊ नका.

तिसरी वाट भाड्याची. सोलापुरात त्याला दोन खाचांची बॉडी दिवसाला १,५०० ने मिळत होती. हळद आणि लग्न मिळून दोन दिवस, ३,००० रुपये. वर्षाचे ३३,५०० भागिले ३,०००, म्हणजे ११ लग्नं. वर्षाला ११ पेक्षा कमी लग्नं करणाऱ्याने निवांत भाड्याने घ्यावी. जास्त करणाऱ्याला विकतची परवडते. तुमच्या गावचे दर वेगळे असतील, भागाकार तोच. आणि विकत घ्यायची असली तरी एक लग्न भाड्याच्या बॉडीवर करून बघाच. मेनू कुठे, बटणं कुठे हे मंगलाष्टकं चालू असताना शिकायचं नसतं.

त्याने काय केलं ते सांगतो. कोटेशन परत केलं. कार्तिकीनंतरची पहिली नऊ लग्नं भाड्याच्या बॉडीवर केली, ६डी गळ्यात दुसरी म्हणून. भाड्याचे ३,००० त्याने कोटेशनमध्ये सरळ लिहिले नाहीत. "दोन कॅमेरे, प्रत्येक फोटो दोन कार्डांवर" अशी ओळ टाकली आणि दर २,००० ने वाढवला. दोन पार्ट्या तुटल्या, बाकीच्यांनी दिला. कार्डाचा तो किस्सा तो आता पार्टीला स्वतःहून सांगतो, नावगाव न घेता. प्रत्येक बयाण्यातले ५,००० वेगळ्या खात्यात टाकत गेला. चौकशी आली की त्याच दिवशी कोटेशन पाठवायचं, हे काम बायकोने घेतलं. यात कॅमेऱ्याचा काही संबंध नाही, पण माझ्या मते त्या वर्षी सगळ्यात जास्त पैसे यानेच आणले.

मार्चमध्ये त्याने वापरलेला आर६ घेतला, रोखीने. अॅडॉप्टर आणि चार कार्डं धरून १,०५,००० ला. मूळ बिल, शटरचा आकडा, दोन्ही खाचांत कार्ड घालून शंभर फोटो, पांढऱ्या भिंतीचा एक फोटो सेन्सरवरच्या डागांसाठी, हे सगळं बघूनच. ६डी विकला नाही. त्याला येत होते जेमतेम वीस-बावीस हजार, आणि दुसरी बॉडी म्हणून त्याची किंमत घरात जास्त आहे. स्लॅबचं काम दिवाळीनंतर होईल म्हणतो.

आता लग्न सोडून बाकी काम करणाऱ्यांसाठी थोडं. इचलकरंजीहून साड्यांचे कॅटलॉग फोटो काढणाऱ्या एका ताईंचाही हाच प्रश्न होता. ताई, तुम्ही बॉडी अजिबात बदलू नका. वस्तू हलत नाही, कॅमेरा ट्रायपॉडवर, आयएसओ १००, फोटो बिघडला तर लगेच पुन्हा काढता येतो. अशा कामात दहा वर्षांपूर्वीची बॉडी आणि आजची यांतला फरक गिऱ्हाइकाला दिसत नाही. साडीचा रंग वेगळा दिसतो म्हणून माल परत येतो, असं तुम्ही लिहिलंय. तो दोष बहुतेक उजेडाचा असतो. खिडकीचा आणि ट्यूबचा उजेड मिसळू देऊ नका, दोन चांगले लाइट घ्या आणि पहिल्या फोटोत करडं कार्ड ठेवून रंग जुळवा. आणि ज्यांचं मुख्य काम व्हिडिओ आहे, त्यांचं उत्तर उलटं येईल. ६डी सारख्या बॉडीत व्हिडिओ चालू असताना फोकस आपोआप माणसामागे जात नाही, आणि ४के ही नाही. तिथे जुनी बॉडी तुमच्या ऑर्डर खरोखर अडवत असेल. पहिल्या कागदावर ते लगेच दिसेल.

कोकणातल्या मंडळींनी एक बघा: बॉडी बदलायच्या आधी लेन्स उजेडात धरून तपासा. पावसाळ्यात बुरशी धरली असेल तर फोटो धुरकट येतात आणि दोष कॅमेऱ्याला जातो. हवाबंद डबा आणि सिलिका जेल, एवढ्यावर भागतं.

वापरलेली बॉडी हातात घेऊन कशी तपासायची, ते पुढच्या व्हिडिओत प्रत्यक्ष दाखवणार आहे. तोपर्यंत तिन्ही कागद लिहून ठेवा, आणि तिसऱ्यावर आधी तो सगळ्यात वाईट दिवस लिहा.